दोन इडल्या आणि एक मत

माझ्या काउंटरवर येणाऱ्या माणसाला बँकेबद्दल माझं मत कधीच नको असतं. मुदत ठेवीचा दर तो मला विचारतो, मी सांगितलेला दर त्याला कमी वाटतो आणि शेजारच्या काउंटरवर जाऊन तो तोच दर पुन्हा ऐकून येतो. पण ‘साहेब, इथं माटुंग्यात चांगलं खायला कुठं मिळेल?’ हा प्रश्न मात्र तो फक्त मलाच विचारतो आणि माझं उत्तर लिहून घेतो. कागद बँकेचा, पेनही बँकेचं. दोऱ्यानं बांधलेल्या त्या पेनाचा एवढा सदुपयोग दुसऱ्या कुठल्याही कामासाठी झालेला मी पाहिलेला नाही.

आता हा मान मला का मिळतो? एक म्हणजे माझ्या शर्टाची पोटावरची दोन बटणं, जी सतत राजीनाम्याच्या तयारीत असतात. दुसरं म्हणजे अनुभव. गेली वीसएक वर्षं मी माटुंग्यात खातो आहे. साहित्यात समीक्षक व्हायला स्वतः कादंबरी लिहावी लागत नाही, एवढं मला कॉमर्सला असूनही ठाऊक आहे. त्याच न्यायानं मला इडली करता येत नाही. सौ. माहेरी गेली असताना एकदा प्रयत्न केला होता. परत आल्यावर तिनं झाकण उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “अहो, हे गिलावा करायला आणलं होतं का?” तेव्हापासून मी फक्त समीक्षा करतो.

तर आधी माटुंगा म्हणजे कुठलं, ते सांगितलं पाहिजे. पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड आहे, मध्य रेल्वेवर नुसतं माटुंगा आहे आणि हार्बरवर किंग्ज सर्कल आहे. तीन-तीन स्टेशनं असल्यामुळं भुकेला माणूस हमखास चुकीच्या ठिकाणी उतरतो. खायचं माटुंगा मध्य रेल्वेच्या पूर्वेला. २०१७ साली सगळ्या कर्मचारी स्त्रियाच असलेलं देशातलं पहिलं उपनगरी स्टेशन झालं, तेच हे. बाहेर पडलात की डाव्या-उजव्या हाताला फुलवाले, केळीची पानं, नारळ आणि कढीपत्ता. पत्ता विचारू नका. नाक वर करा आणि चालू लागा.

हे सगळं इथंच का जमलं, यालाही कारण आहे. १८९६ च्या प्लेगनं मुंबईला घाबरवलं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि पुढं त्यानं दादर-माटुंग्याचा हा भाग नीट आखून वसवला. रुंद रस्ते, झाडं, पाच बागा. या नव्या वस्तीत दक्षिणेकडून टायपिंग आणि शॉर्टहँड शिकून आलेले कारकून राहायला आले. कारकून आला की पाठोपाठ भूक येते, हा शोध मला स्वतःवरूनच लागला आहे. त्यातले पुष्कळ सडेफटिंग. बायका-मुलं गावी आणि स्टोव्ह पेटवायला खोलीमालकाची बंदी. मग राम आश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं, रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. म्हणजे तिकडं दुसरं महायुद्ध पेटत होतं आणि इकडं माटुंग्यात इडलीपात्रं पेटत होती. महायुद्ध १९४५ साली संपलं. इडलीपात्रं अजून चालू आहेत. दोन्हींतलं मानवजातीच्या जास्त उपयोगाचं काय, हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

आता माझी समीक्षेची पद्धत. नव्या हॉटेलात गेलो की मी प्रथम इडली मागवतो. डोशाला तेल झाकतं, वड्याला तळण झाकतं, पण इडलीला झाकायला काही नसतं. ती नुसती वाफेवर उभी असते. तांदूळ आणि उडीद भिजत घालायचे, वाटायचे आणि रात्रभर आंबू द्यायचे. थंडीत पीठ फुगायला वेळ लावतं, मे महिन्यात पहाटेच्या आत भांड्याबाहेर येऊन बसतं. म्हणजे इडली चांगली होणं हे कुणीतरी रात्री वेळेवर विचार केल्याचं लक्षण आहे. सकाळी घाईघाईनं डोकं चालवून इडली सुधारत नाही. आमच्या मुख्य कार्यालयातून येणारी परिपत्रकं वाचताना मला नेहमी वाटतं, ही रात्रभर आंबवायला हवी होती.

चांगल्या इडलीची खूण काय? बोटानं हलकेच दाबली तर ती दबते आणि बोट काढल्यावर पूर्ववत होते. दाबल्यावर खड्डा राहिला तर ती शिळी. बोटच दुखलं तर ती इडली नव्हे.

दुसरी परीक्षा चटणीची. ओल्या नारळाची चटणी ही हॉटेलमालकाच्या चारित्र्याची साक्ष असते. नारळ महागला की चटणीत डाळं वाढतं. चटणी आधी दाट होते, मग पिवळसर होते आणि शेवटी घशात चिकटू लागते. सरकार महागाईचा निर्देशांक महिन्यानं जाहीर करतं, मला तो रोज सकाळी वाटीत मिळतो. चटणीत डाळं असावंच, त्याशिवाय ती बांधली जात नाही. पण डाळं हे चटणीत नातेवाइकासारखं असावं, मालकासारखं नसावं.

तिसरी परीक्षा सांबाराची, आणि इथं पंथभेद सुरू होतात. पहिला वाद गोडाचा. उडपी पद्धतीच्या सांबारात गूळ असतो. आमच्या बँकेतले एक तमिळ सहकारी हे सांबार तोंडात घेतल्यावर असा चेहरा करतात, की जणू त्यांच्या खात्यातून कुणी न विचारता पैसे वळते केले आहेत. “हे सांबार नाही, पायसम आहे,” असं ते म्हणतात आणि दुसरी वाटी मागवतात. उलट, आमटीत गूळ घालणाऱ्या घरात वाढलेल्या मला हेच सांबार सासुरवाडीहून आल्यासारखं ओळखीचं वाटतं. सांबार मुळात आपलंच, अशी एक गोष्ट मराठी माणूस इथं हमखास सांगतो. तंजावरच्या मराठ्यांच्या दरबारी आमसुलं संपली, कुणीतरी डाळीत चिंच घातली आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले. गोष्ट झकास आहे. तंजावरला मराठ्यांचं राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत होतं, एवढा तिचा भाग पक्का. बाकीचा मी आख्यायिका म्हणून ऐकतो आणि सहकाऱ्यांसमोर इतिहास म्हणून सांगतो.

दुसरा वाद जास्त कडवा आहे. सांबार वेगळ्या वाटीत असावं की इडली त्यात बुडवून आणावी? यात जहाल आणि मवाळ असे सरळ दोन पक्ष आहेत. मवाळ माणूस इडलीचा तुकडा मोडून सनदशीर मार्गानं सांबाराला टेकवतो. जहाल माणूस वेटरला ओरडून ‘डुबाके’ सांगतो आणि चमच्यानं लढाई करतो. मी वयाच्या तिशीपर्यंत जहाल होतो. मग कपड्यांच्या धुलाईचं खातं सौ.नं माझ्याकडं दिलं आणि मी मवाळांत गेलो.

डोशाबद्दल थोडक्यात. साधा डोसा टेबलावर येताना त्याचा आवाज झाला पाहिजे. रवा डोशाला जाळी पाहिजे आणि तो मागवणाऱ्याला धीर पाहिजे. गाडी पकडायची असेल तर रवा डोसा मागवू नये आणि रवा डोसा मागवला असेल तर गाडी पकडू नये. कॅफे मद्रासचा नाचणीचा डोसा मला आवडतो. नाचणी पथ्याची असते या समजुतीनं मी वर लोणीही घेतो. तिथला रस्सम-वडा सर्दीवर मला डॉक्टरपेक्षा स्वस्त पडला आहे. राम आश्रयचा अननसाचा शिरा हा असा पदार्थ आहे, की सत्यनारायणाच्या दिवशी घरी केला तर भटजी पोथी लवकर आटपतील. मात्र डोशात पनीर, चीज, शेजवान आणि नूडल्स भरून त्याला नवं काहीतरी नाव देणाऱ्या हॉटेलांबद्दल माझं मत मी फक्त मराठीत देतो, कारण ते इतर भाषांत छापता येणार नाही. अशा एका ठिकाणी मी डोसा उलगडला तेव्हा आत चिनी जेवणाचं अख्खं ताट निघालं. डोसा म्हणजे सामान बांधायची चादर नव्हे.

पार्सलबद्दल तर मला बोलवत नाही. हल्ली फोनवर बोट ठेवलं की डोसा घरी येतो. येतो म्हणजे त्याचं पार्थिव येतं. वाफेनं भिजलेला आणि घडी घातलेला. तव्यावरून तोंडापर्यंतचं अंतर हे डोशाचं आयुष्य असतं. ते तीन किलोमीटर लांबवायचा हक्क कुणालाही नाही. तीच गोष्ट ताटाचा फोटो काढणाऱ्यांची. चार बाजूंनी फोटो होईपर्यंत डोसा मान टाकतो आणि मग तीच मंडळी ‘कुरकुरीत नव्हता’ म्हणून शेरा मारतात.

आता रस्त्यावरच्या खाण्याचं. माटुंग्याहून दादरला चालत गेलात की इडलीचा प्रांत संपतो आणि वडापावचा लागतो. १९६६ साली अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनाबाहेर वडापावची गाडी लावली, असं सांगतात. त्याच वर्षी जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली. पुढं उडप्याच्या इडलीला मराठी माणसाचं उत्तर म्हणून वडापाव पुढं आला. माझी वडापाववर पूर्ण निष्ठा आहे. महिन्याअखेरीला तर ती अढळ असते. पण समीक्षकानं खरं बोलावं. त्यातला बटाटा पोर्तुगीजांनी आणला, नाव त्याला त्यांचंच. पाव त्यांचा, नावही त्यांचंच. मिरची त्यांच्याच गलबतातून आली. आपलं म्हणावं तर बेसन, हळद आणि गाडीसमोर उभं राहून ‘अजून थोडी लसणाची चटणी टाक रे’ म्हणण्याचा अधिकार. अस्सल मराठी बाण्याचा हा पदार्थ निम्म्याहून जास्त लिस्बनचा आहे, आणि त्यानं त्याची चव काडीमात्र कमी होत नाही.

हे सांगायचं कारण माझे वडील. बाबा लालबागचे. १९६६ साली ते अठरा वर्षांचे होते आणि त्या वयाच्या मुलाला घोषणा द्यायला जितका आवाज लागतो तितका त्यांच्याकडं होता. ‘लुंगी’ आणि ‘पुंगी’ यांचं यमक त्या काळी मुंबईत गाजत होतं. उडप्यांच्या हॉटेलांवर दगडही पडले. दक्षिणेकडून आलेला प्रत्येक माणूस तेव्हा आमच्या चाळीच्या हिशेबी ‘मद्रासी’ होता, मग तो तमिळ असो, कानडी असो, तुळू असो की मल्याळी. कॅफे मद्रास ज्या कामतांचं, ते आडनाव गोव्यापासून मंगळूरपर्यंत कोकणी बोलणाऱ्या घरांत भेटतं, म्हणजे भाषेच्या नात्यानं आमच्या पलीकडच्याच बिऱ्हाडातलं. पण घोषणेला तपशील चालत नाही.

चाळीच्या कोपऱ्यावर एक लहानसं उडप्याचं हॉटेल होतं. बाबांचा रोजचा नाश्ता तिथं, उधारीवर. मालकाच्या वहीत त्यांच्या नावाचं पान होतं. एका संध्याकाळी जमाव त्याच रस्त्यानं गेला आणि बाबा त्यात होते. दगड त्यांनी मारला नाही, एवढं ते अजूनही सांगतात. पण ओरडले पुष्कळ. मिठाईच्या कपाटाची काच फुटली. मालक आतून बाहेर आला आणि त्यानं जमावाकडं पाहिलं. त्याला आपण दिसलो की नाही, हे बाबांना कधीच कळलं नाही.

आठ दिवस ते तिकडं फिरकले नाहीत. नवव्या दिवशी पगारातले पैसे घेऊन उधारी चुकवायला गेले. मालकानं वही काढली, पैसे मोजून घेतले, पान खोडलं. मग मोडक्या मराठीत विचारलं, “आठ दिवस बरं नव्हता काय?” आणि उत्तराची वाट न बघता समोर दोन इडल्या ठेवल्या.

ही गोष्ट मला बाबांनी मी नोकरीला लागल्यावर सांगितली. तोवर त्यांचं एक वागणं मला कोड्यात टाकत असे. लहानपणी महिन्यातून एकदा ते आम्हाला लालबागहून माटुंग्याला घेऊन येत. सांबार गार असो, वडा कच्चा असो, वेटर विसरलेला असो, बाबा चकार शब्द काढत नसत. घरी आमटीत मीठ कमी पडलं तर ज्यांचा आवाज खालच्या मजल्यावर जाई, ते उडप्याकडं गायीसारखे बसत. जाताना टिप मात्र अशी ठेवत, की आई बशीकडं बघायची आणि मग बाबांकडं.

त्यांचं मौन हे कर्जाचे हप्ते होते. बँकेत वीस वर्षं काढल्यावर मला एवढं कळतं, की काही कर्जांचं मुद्दल कधी फिटत नाही. कारण देणाऱ्यानं ते लिहूनच ठेवलेलं नसतं.

पण समीक्षक म्हणून मला बाबांचं हे वागणं मान्य नाही. तक्रार कोण करतो? पाहुणा करत नाही. पाहुण्याला चहा गोडमिट्ट लागला तरी तो ‘वा!’ म्हणतो. तक्रार करतो तो घरातला माणूस. ज्याला हे घर आपलं वाटतं, तोच ‘आज फोडणी करपली’ म्हणतो. तेव्हा मी चटणीतल्या डाळ्यावरून भांडतो, सांबाराचा गूळ मोजतो, इडलीवर बोट दाबतो. मला तो उडपी परका वाटत नाही आणि त्यालाही मी वाटू नये, एवढंच माझ्या सगळ्या समीक्षेचं सार आहे. नुसतं कौतुक ही फार दूरची गोष्ट आहे.

याच कारणानं मला माटुंग्यातला सर्वांत मोठा पदार्थ कुठला, असं विचाराल, तर मी ‘शेअरिंग’ म्हणेन. रविवारी सकाळी कॅफे मद्रासच्या दारात नाव लिहून घेणाऱ्या माणसाभोवती गर्दी असते. नंबर लागला की तो विचारतो, ‘शेअरिंग चलेगा?’ नाही म्हणालात तर अर्धा तास उभे राहा. हो म्हणालात तर अनोळखी माणसासमोर बसा. मी या एका प्रश्नामुळं एका सेवानिवृत्त न्यायाधीशासमोर, एका फुलवाल्यासमोर आणि (एकदाच) आमच्या शाखेच्या ऑडिटरसमोर बसून खाल्लं आहे. ऑडिटर वडा सांबारात बुडवून खात होता. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या रजिस्टरकडं जरा माणुसकीनं पाहिलं.

रामा नायकांकडं केळीच्या पानावर जेवतानाही तेच. तिथं गिऱ्हाईक स्वयंपाकघर बघू शकतं. ज्याच्या घरचं स्वयंपाकघर बघता येतं, तो परका कसा? ही बोर्डिंगं आणि आमच्या परळ-लालबागच्या खानावळी या मुळात बहिणीच. गिरणीत खपणाऱ्या एकट्या माणसांना आमच्याकडच्या बायकांनी चार-चार, दहा-दहा डबे करून जगवलं. त्या सावकाराच्या व्याजात बुडत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं त्यांना मिळवून दिली. आमच्या धंद्यानं केलेल्या ज्या थोड्या कामांचा मला जेवताना अभिमान वाटतो, त्यांतलं हे एक. गिरण्या गेल्या, तशा त्या खानावळीही बऱ्याचशा गेल्या. माटुंग्याची बोर्डिंगं राहिली. म्हणून ती मी जास्त बारकाईनं तपासतो.

गेल्या दिवाळीनंतर बाबांना घेऊन मी माटुंग्यात गेलो. कुठल्या हॉटेलात, ते सांगत नाही. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. शेअरिंगमध्ये समोर एक कॉलेजची मुलगी होती, कानात यंत्र घालून डोसा खात होती. बाबांसमोर दोन इडल्या आल्या. त्यांनी एक तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि थांबले. मी चव घेऊन पाहिली. चटणी आंबली होती. मी वेटरला हाक मारणार, तोच बाबांनी स्वतः हात वर केला.

“अहो अण्णा,” बाबा म्हणाले, “चटणी आंबलीय जरा.”

वेटरनं वाटी उचलली, वास घेतला, काही न बोलता आत गेला आणि दुसरी घेऊन आला. बाबांनी पुन्हा तुकडा बुडवला. “हां,” ते म्हणाले, “आता ठीक.” पन्नासहून जास्त वर्षांनी त्यांनी उडप्याकडं केलेली ही पहिली तक्रार. मी त्यांच्याकडं बघतोय हे पाहून ते जरा ओशाळले आणि म्हणाले, “बघतोस काय? इडली गार होतेय.”

टिप मात्र त्यांनी नेहमीसारखीच ठेवली. मी त्यातले दहा रुपये हळूच परत घ्यायला गेलो, तर हातावर फटका बसला.